मलम जिरतं, मुरतं, शोषलं जातं की भिनतं?

विचारणा
त्वचेवर लावायच्या औषधांचं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. मसुद्यात 'मलम त्वचेत जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळावे' असं वाक्य आहे. तपासणाऱ्यांचं म्हणणं, 'जिरेपर्यंत' फार बोलीतलं वाटतं, 'शोषले जाईपर्यंत' करा. मला 'मुरेपर्यंत'ही सुचलं होतं. नेमका शब्द कोणता? आणि 'चोळावे' चालेल का?

प्रतिसाद
'शोषले जाईपर्यंत' अजिबात नको. शोषणारा ओढून घेतो. त्वचा काही ओढून घेत नाही, उलट अडवते. तिचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो, बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या. औषधाला वाट काढायची ती मुख्यतः या लिंपणातून, तीही हळूहळू. ज्याचे रेणू लहान आणि तेलात विरघळणारे, त्याला हे जमतं. रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) वर गेलं की धडधाकट त्वचेतून पार होणं अवघड. इन्सुलिनचं वजन ५८०० च्या आसपास, म्हणून त्याचं मलम होत नाही. खरं तर या क्रियेला 'झिरपणे' शोभतं, पण पत्रकात 'झिरपेपर्यंत' लिहिलं तर वाचणारा किती वेळ थांबणार?

'जिरणे' सगळ्यांना कळतं, पण त्याने एक गैरसमज होतो. क्रीमचा पांढरेपणा गेला, हाताला चिकट लागेनासं झालं, की आपण म्हणतो 'जिरलं'. तेव्हा झालेलं असतं इतकंच, की क्रीममधलं पाणी उडू लागलं आणि बाकीचं पातळ पसरलं. औषध बहुतेक सगळं वरच असतं. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे दाह कमी करणारं स्टिरॉइड शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून मोजणी केली. कोपराखालच्या हातावर लावलेल्यातलं सुमारे १ टक्का आत गेलं. कपाळावर त्याच्या सहापट, जबड्याच्या कडेला तेरापट, वृषणाच्या त्वचेवर बेचाळीसपट, आणि तळपायावर मात्र सातवा हिस्सा. 'जिरलं' हा एकच शब्द या सगळ्या जागांना आपण सरसकट वापरतो, आणि तळपायासाठी दिलेलं जोरदार स्टिरॉइड बेधडक चेहऱ्याला लावतो. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं. माझ्या मते पत्रकात शब्दापेक्षा हे आधी यायला हवं.

दुसरा प्रतिसाद
'मुरणे' इतक्या सहज सोडू नका. जमिनीत पाणी मुरतं म्हणजे ते आत साठून राहतं, लगेच पार निघून जात नाही. त्वचेच्या वरच्या थरात स्टिरॉइडचं अगदी हेच होतं. व्हिकर्स या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६३ मध्ये ते दाखवलं. स्टिरॉइड लावून वर प्लास्टिकचं आवरण घातलं की रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्वचा फिकी पडते. ती पूर्ववत झाल्यावर काही दिवसांनी नवं औषध न लावता तीच जागा नुसती झाकली, तर ती पुन्हा फिकी पडली. औषध तिथेच मुरलेलं होतं! इसबावरचं स्टिरॉइड मलम दिवसातून एकदा किंवा दोनदाच पुरतं, त्यामागचं एक कारण हे. दर दोन तासांनी थापून गुण लवकर येत नाही.

'भिनणे' मात्र वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. निकोटिनची चकती दंडाला चिकटवतात, पण तिचं काम दंडावर नसतंच, औषध रक्तात उतरून अंगभर जायचं असतं. ते भिनतं. नायट्यावरच्या मलमाने भिनू नये, असंच आपल्याला हवं असतं. नायट्याची बुरशी त्या मृत थरातच वाढते, त्यामुळे औषध तेवढंच आत गेलं तरी भागतं. पुढे रक्तात गेलं तर फायदा काही नाही.

विचारणा करणारी
म्हणजे जागेप्रमाणे शब्द बदलायचा? पत्रकात इसब, नायटा आणि खरूज तिन्ही आहेत.

प्रतिसाद
हो, आणि तिन्हींची वाक्यं वेगळी करा. एकाच सूचनेने तिन्ही भागवलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. नायट्याला इसब समजून स्टिरॉइड लावलं की खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते. कडा अस्पष्ट झाल्यामुळे पुढे डॉक्टरलाही ओळखणं जड जातं.

'चोळावे' काढाच. चोळण्यात जोर येतो, आणि इसबाची त्वचा आधीच उललेली असते. आपल्याकडे लावणे, माखणे, चोपडणे, थापणे अशी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकात मात्रा दडलेली आहे. स्टिरॉइडला 'पातळ लावावे', केसांच्या दिशेने. साध्या ओलावा राखणाऱ्या मलमाला 'सढळ हाताने लावावे'. मात्रेसाठी 'वाटाण्याएवढे' कशाला, 'पेरभर' लिहा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

खरजेत 'जिरेपर्यंत' हा शब्दच नको. किडा वरच्या थरात बोगदे करून राहतो आणि खाज नसलेल्या जागीही असू शकतो. म्हणून किडा मारणारं ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम मोठ्या माणसाने मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा 'माखावे', ८ ते १४ तास ठेवावे, मग धुवावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावावे. हे शेवटचं वाक्य गाळू नका, बरेच जण तिथेच चुकतात.