मदत हवी आहे: धामण मारली गेली, आता घरातला पट्टेवाला साप बिनविषारी कवड्या की विषारी मण्यार?

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात आमची शेती, घर वस्तीवर. परवा धान्याच्या खोलीमागे धामण निघाली. मी शेतातून पळत येईस्तोवर चुलत्यांनी काठीनं मारलीसुद्धा. सात फूट तरी असेल. मरता मरता तिनं गिळलेला उंदीर ओकला, शेपटी अजून ओलीच. तो समोर पडलेला असताना चुलते म्हणाले, "गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही." अहो, सापाला सड चोखता येतच नाही! त्या खोलीत आमचं वर्षाचं ज्वारी-शेंगांचं धान्य आहे आणि राखण तीच करत होती. फार वाईट वाटलं.

धामण, तस्कर, कुकरी, कवड्या, रुका, हरणटोळ, मांजऱ्या हे सगळे कोल्युब्रिडी या एकाच कुळातले. सापांचं सगळ्यांत मोठं कुळ, जवळपास 2,000 जाती. धामण उंदरांवर, कवड्या पालींवर, हरणटोळ झाडावरच्या सरड्यांवर. घरापासून बांधापर्यंत प्रत्येकानं आपापली जागा धरलेली.

आता खरी अडचण. काल रात्री न्हाणीच्या भिंतीवर हातभर लांबीचा पट्टेवाला साप दिसला. मला कवड्या वाटतो, आई म्हणते मण्यार. मुलं खाली अंथरुणावर झोपतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर त्याला राहू द्या म्हणायची माझी छाती होत नाही. आणि मारूही द्यायचा नाही. फरक नेमका कसा ओळखायचा?

प्रतिसाद:
दादा, भिंत चढत होता म्हणजे कवड्याची शक्यता जास्त, पण तेवढ्यावर जाऊ नका. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: अंग चकचकीत निळसर काळं, बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीनं, मानेकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे स्पष्ट. लांबूनच मोबाइलवर फोटो काढा, हात लावू नका. खात्री होईपर्यंत मण्यारच समजा आणि सर्पमित्राला बोलवा. वनविभागाचा 1926 नंबरही आहे. मुलांना आजच खाटेवर घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार चावलेली झोपेत कळतही नाही, दुखत नाही फारसं. शंका आली तरी थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

धागाकर्ता:
मच्छरदाणी आत्ताच बांधली. फोटो मिळाला की इथेच टाकतो. पट्टे मानेपाशी होते, एवढं आईलाही आठवतंय.