खेळ म्हणजे टाइमपास नव्हे

‘वर्गात खेळ घेतले की पोर्शन मागे पडतो आणि डिझाइन थिंकिंग (नमुना करून, वापरून पाहून सुधारत जाण्याची पद्धत) हे जुन्या गोष्टीचं नवं नाव’, असं काही जण म्हणतात. दुसरं निम्मं मान्य! पण पहिलं नाही.

मी नाशिकला सातवीला गणित शिकवते. नफा-तोट्यासाठी आम्ही पुठ्ठ्याच्या कार्डांवर कांद्याचा लिलाव मांडला. प्रत्येक गटाकडे २० क्विंटल माल, भाव फाशावर, मध्येच ‘अवकाळी पाऊस’ किंवा ‘ट्रॅक्टरभाडं’ असं कार्ड. निफाडकडची मुलं हमाली-तोलाई माझ्याआधी वजा करून मोकळी! पहिल्या दिवशी मात्र खेळ फसला. पाऊस लागलेला गट दहा मिनिटांत बाद, मग नुसता दंगा. मग मुलांनीच बाद झालेल्यांना विचारलं, अडलं कुठे? त्यावरून मुलांनी नियम बदलला: अर्धा माल कांदाचाळीत साठवून ठेवता येईल. पुन्हा खेळून पाहिलं, पुन्हा सुधारलं. डिझाइन थिंकिंग ते हेच, वापरणाऱ्याला विचारून कच्चा नमुना करायचा आणि तो मोडू द्यायचा.

२०१५च्या सिंहस्थाआधी इथे झालेल्या कुंभथॉनमध्येही (कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधण्याचा उपक्रम) गर्दीच्या प्रश्नांवर असेच नमुने झाले होते.

पोर्शनचं म्हणाल तर दोन तासिका जास्त गेल्या. शेकडेवारीचा धडा शिकवताना त्या भरून निघाल्या.