काजळीवरून परत फिरलो, त्यात चूक काय?

मोर्शीचा शेतकरी: काल येथे एका वाचकाने लिहिले की, पचमढीजवळच्या डोंगरातील नागद्वारच्या यात्रेत अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या जत्थ्यांनी महादेवाला पाठ दाखवली. त्यातील एका जत्थ्यात मी होतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. रात्रभर पाऊस धरून होता आणि त्या वाटेवरच्या काजळीच्या पुढचा ओढा बघता बघता गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढला. पाण्यात टेकलेली काठी हातात थरथरत होती. आमच्यात चार माणसे सत्तरीची. पुढे लोखंडी शिड्या, त्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, तेथे निसटलेला पाय सावरायला जागा नसते. जत्थ्याला नेणाऱ्या भगतांनी माघारी फिरण्यास सांगितले. आम्ही पचमढीला जटाशंकराचे दर्शन घेतले, चौरागडावर चढून त्रिशूळ वाहण्याचा बेत सोडला आणि मुलताईमार्गे येऊन आमच्या मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या गुहेतील महादेवापुढे तो त्रिशूळ ठेवला.

वरुडचा वाचक: काल लिहिणारा मीच. श्रावणाच्या तोंडावर सातपुड्यात पाऊस असणारच. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि वर्षातून एकदाच, नागपंचमीपर्यंतचे दहाएक दिवस उघडते. ज्यांनी लेकरासाठी नवस केला, त्यांनी आता वर्षभर थांबायचे काय? सालबर्डीबद्दल मला आदर आहे. परंतु तेथे महाशिवरात्रीला जावे, नागद्वारचा नवस तेथे फिटत नाही. माझे वडील याच पावसात अनवाणी सात वर्षे गेले.

चांदूर बाजारची शिक्षिका: माझेही वडील गेले होते. ओल्या दगडावरून पडून त्यांचा खुबा मोडला, धोतराची झोळी करून चौघांनी त्यांना खाली आणले आणि त्यानंतर ते वावरात कधी उभे राहिले नाहीत. नवस कुठे फिटतो, हे मला शिकवू नका.

अचलपूरचा वाचक: मूळ दुखणे पैशाचे आहे. आमचाही बेत पावसाने बदलला, तर जीपवाल्याने दोन दिवस आधी परतूनही पूर्ण भाडे घेतले. कपाशीच्या खताला ठेवलेले पैसे त्यात गेले.

जीपचालक, परतवाडा: तुम्ही लवकर उतरलात म्हणून गाडीचा हप्ता कमी होतो काय? त्या दहा दिवसांसाठी मी इतर सर्व भाडी नाकारतो. घाटात चिखलातून गाडी काढताना जीव माझाही टांगणीला असतो.

अचलपूरचा वाचक: मग आगाऊ घेताना तसे स्पष्ट सांगावे! न वापरलेल्या दोन दिवसांचे डिझेल कोणाच्या टाकीत गेले?

जीपचालक, परतवाडा: डिझेलचे पैसे परत मागितले असते तर दिले असते. तुम्ही सगळे भाडेच मागत आहात.

मोर्शीचा शेतकरी: आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते की, लवकर परतलो तर डिझेल वजा करून बाकी भाडे द्यायचे. त्यामुळे माघारी फिरताना कोणी पैशाकडे पाहिले नाही. भाडे बुडण्याच्या भीतीने माणसे ओढ्यात उतरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वरुडचा वाचक: पाणी कमरेइतके होते, हे मला ठाऊक नव्हते, तेवढ्यापुरता शब्द मागे घेतो. तरी दोन तास थांबून पाहायला हवे होते.

मोर्शीचा शेतकरी: तीन तास थांबलो होतो. काठावर खूण म्हणून ठेवलेला दगड तोवर पाण्याखाली गेला होता.