रायटिंग स्किलचे २० मार्क घोकंपट्टीवर सोडू नका : त्या फिरत्या पोस्टला उत्तर

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पालकांच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: दहावीच्या इंग्रजीत रायटिंग स्किलला २० मार्क, ते हमखास पडतात, शेवटच्या महिन्यात १० पत्रं, ५ भाषणं, ५ बातम्या आणि ५ गोष्टी घोकून घ्या, मुलाला इंग्रजी येतं की नाही याची चिंता सोडा. खाली नुसते अंगठे आणि 'धन्यवाद सर'. मला राहवलं नाही. लांबेल, पण लिहितोच.

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, पेपर तपासतो. कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाचा पेपर, एकदा नीट उघडून बघा. पाचव्या प्रश्नात पत्राला ५ आणि संवाद किंवा भाषणाला ५. सहाव्यात तक्ता-आकृतीवरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता याला ५, आणि बातमी किंवा गोष्ट यांपैकी एकाला ५. यातलं जवळपास काहीच कोऱ्या पाटीवर विचारत नाहीत. पत्राला जाहिरात किंवा पत्रक दिलेलं असतं. गोष्टीची सुरुवात दिलेली असते. जे दिलंय ते वाचून त्यावर लिहायचं, परीक्षा तीच आहे. आणि घोकलेलं पोरगं नेमकं दिलेलंच वाचत नाही.

यंदाच्या प्रिलिममध्ये मोफत योग शिबिराची जाहिरात होती, मित्राला सोबत यायचा आग्रह करा असं पत्र होतं. एका हुशार पोरानं सुरुवात केली, 'आय ॲम व्हेरी हॅपी टू नो दॅट यू स्टूड फर्स्ट इन द एक्झाम'. पुढे चार ओळी अभिनंदन. मध्येच एक वाक्य, 'देअर इज योगा कॅम्प'. मग थेट 'कन्व्हे माय रिगार्ड्स टू युवर पॅरेंट्स'. शिबिर कधी, कुठे, सोबत काय आणायचं, जाहिरातीत सगळं होतं, पत्रात काही नाही. अक्षर मोत्यासारखं. पाचपैकी मी त्याला काय द्यावं? तोच पोरगा वर्गात मला मोडक्या इंग्रजीत सांगतो, 'सर, कम टू माय व्हिलेज, यात्रा ऑन संडे'. आमंत्रण त्याला येतं! त्या २५ पाठ केलेल्या कागदांनी ते झाकून टाकलं.

तयारी करायचीच तर आठवड्याला एक जाहिरात घ्या. वर्तमानपत्रातली चालेल, बियाणं कंपनीची चालेल. त्यावर सहा वाक्यं, स्वतःची. चुकली तर लाल पेनानं दुरुस्त, आणि तीच सहा पुन्हा. जूनपासून धरलं तर बोर्डापर्यंत पोरगं कुठल्याही जाहिरातीला घाबरत नाही.

पिवळा खडू (अक्कलकुवा)

सर, मी रागावूनच लिहितोय. मी सातपुड्यात वर, आश्रमशाळेवर आहे. माझ्या वर्गातली पोरं घरी पावरी नाहीतर भिलोरी बोलतात. मराठी त्यांना शाळेत भेटली, इंग्रजी त्याच्याही पलीकडची. दिवाळीनंतर कितीतरी आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. धाकट्यांना सांभाळायला मोठ्या पोरीला सोबत नेतात. ती जानेवारीत परत आली तर आली. बोर्ड तर फेब्रुवारी-मार्चला दारात उभं. तुमची 'जूनपासून आठवड्याला एक जाहिरात' तिच्यापुढे कशी मांडू?

तिला मी साचा देतो आणि पाठ करायला लावतो. डाव्या बाजूला पत्ता, तारीख, मायना, विषय, शेवट. बातमीला मथळा, ठिकाण-तारीख, पहिल्या दोन ओळींत कोण-काय-कुठे-कधी. संवादात उलटसुलट वाक्यं लावायला १ मार्क, अर्धवट संवाद पुरा करायला १, ते दोन आधी उचल म्हणतो. हे सगळं पाठांतर आहे आणि मी ते उजळ माथ्यानं करून घेतो. नापास झाली तर तिचं शिक्षण तिथंच थांबतं. पास झाली तर अकरावीला शहाद्याला वसतिगृहात जाते. तिच्यासाठी ३५ मार्क म्हणजे काय, हे चाळीसगावात बसून कळणार नाही.

दहावीची आई (धुळे)

दोघंही सर बोलताय ते पटतंय आणि त्यामुळेच गोंधळ वाढतोय. क्लासनं माझ्या मुलीला झेरॉक्सचा गठ्ठा दिलाय. रात्री अकराला वृक्षारोपणाची बातमी मला म्हणून दाखवते, एक शब्द गाळत नाही. मी मध्येच म्हटलं, आता समज झाडं नाही, शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. गप्प बसली. मग रडायला लागली, म्हणे 'आई, ते आमच्या लिस्टमध्ये नाही'. फी भरलेली आहे, क्लास सोडता येत नाही. मला एवढंच सांगा, सहाव्या प्रश्नात गोष्ट घ्यावी की बातमी?

केळीपट्टा (रावेर)

ताई, तुमच्या प्रश्नाला मास्तर लोक उत्तर देतील. मला मूळ गोष्टीवर बोलायचंय. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणारं पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकलंय. दहा वर्षांत सहा ओळींचं पत्र येत नसेल तर घोकायचं की नाही यावर वाद कशाला? आधी त्या दहा वर्षांचा हिशेब द्या.

माझ्याकडे केळीच्या गाड्या भरायला येणारा पोरगा दहावी पास आहे, इंग्रजीत साठच्या वर. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा इंग्रजीतला मेसेज आला की माझ्याकडे फोन आणून देतो. उत्तर मी लिहितो, आणि मी जुन्या काळचा, पाचवीपासून इंग्रजी शिकलेला माणूस. आम्हाला एकच मास्तर होते, टेन्स चुकला की वही पुन्हा लिहायला लावायचे. आता सेमी आलं, कॉन्व्हेंट आलं, क्लास आले, आणि पोरगं माझ्याकडे फोन घेऊन येतं.

गिरणाकाठ

केळीपट्टा, हिशेब जरूर मागा, पण पूर्ण मागा. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, हे कुठल्या तासिकेत बसवायचं ते सांगा. तुमच्या मास्तरांना वह्या तपासायला वेळ होता. मला साठ-साठ पोरांचे वर्ग आहेत. आणि साठच्या वर मार्क असून मेसेज वाचता येत नाही म्हणता, ते कसं झालं याचा विचार करा. घोकूनच झालं ना? म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय.

पिवळा खडू, तुमच्या पोरींबद्दल मी काही बोललो नव्हतो. मी क्लासवाल्यांच्या गठ्ठ्याबद्दल बोललो.

पिवळा खडू

पोस्टच्या मथळ्यात 'घोकंपट्टीवर सोडू नका' आहे सर. माझ्याकडे सोडायला दुसरं काय आहे ते सांगा.

बोरीकाठचा भो (पारोळा)

सगळे इंग्रजीवर भांडताय, पण पोरगं मुकं कुठे झालं ते कुणी बघत नाही. आमच्या घरी अहिराणी. चौथीत माझ्या बाकावरच्या मित्रानं बाईंना सांगितलं, 'बाई, मी घर जाई ऱ्हायनू'. वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि म्हणाल्या, 'आधी माणसासारखं बोलायला शिक'. तो दहावीपर्यंत वर्गात उठून एक वाक्य बोलला नाही. मराठीतही नाही. इंग्रजीत तर दोनदा नापास झाला. आज उत्तम गवंडी आहे, गोष्टी सांगायला बसला की ओटा भरतो. त्याला गोष्ट लिहिता येत नव्हती हे मी कसं मानू? त्याच्या तोंडातली भाषाच काढून घेतली, मग बोर्ड म्हणतं दिलेल्या सुरुवातीवरून कथा पूर्ण करा.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही आनंद केला. पण आमच्या शाळांमध्ये अजूनही 'शुद्ध बोल' चालूच आहे.

क्लासवाला नाही (जळगाव)

भो, भावना समजल्या. पण पेपर इंग्रजीचा आहे. अहिराणीत गोष्ट लिहिली तर बोर्ड मार्क देणार आहे का? सातव्या प्रश्नात ५ मार्कांचं भाषांतर आहे, तेही माध्यमाच्या भाषेत लिहायचं, म्हणजे प्रमाण मराठीतच. पोराला आयुष्यात पुढे काढायचं असेल तर घरातही प्रमाण मराठी बोला. आम्ही तेच केलं. आमची दोन्ही मुलं पुण्यात इंजिनिअर आहेत.

बोरीकाठचा भो

तुमच्या मुलांना त्यांच्या आजीशी बोलता येतं का?

क्लासवाला नाही

वैयक्तिक जाऊ नका. माझ्या आईशी माझी मुलं कशी बोलतात हा इथला विषय नाही.

बोरीकाठचा भो

'घरात काय बोला' हे तुम्ही मला सांगितलंत, वैयक्तिक तुम्ही आधी गेलात.

केळीपट्टा

आणि खान्देश म्हटलं की सगळे अहिराणीच धरून बसतात. यावल-रावेर-भुसावळकडे आमची लेवा बोली आहे. आसोद्याच्या बहिणाबाई याच बोलीत बोलल्या, शाळेचं तोंड न बघता. त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावला आहे, आणि तिथे शिकलेले प्राध्यापक आमच्या पोरांच्या बोलीला नावं ठेवतात. हेही लिहा कुणीतरी.

बोरीकाठचा भो

लेवा बोलीला मी कधी नाही म्हटलं? माझं म्हणणं दोघींना लागू आहे. तुम्ही भांडणात भांडण काढताय.

तापीची लेक (शिरपूर)

मी बीएडला असताना सराव पाठ घेतला होता, तिथला अनुभव सांगते. गोष्टीची सुरुवात फळ्यावर लिहिली: 'वन डे ॲन ओल्ड फार्मर वॉज रिटर्निंग होम...' वर्ग सुन्न. मी म्हटलं, आधी मला अहिराणीत सांगा म्हाताऱ्याचं पुढे काय झालं. एकदम कालवा. म्हातारा विहिरीत पडला, बिबट्या आला, बैल पळाला, मोबाइलची बॅटरी गेली. मी फळ्यावर फक्त क्रियापदं इंग्रजीत लिहीत गेले: फेल, शाउटेड, रॅन, कॉल्ड. मग म्हटलं, आता यांना 'ही' आणि 'द बुल' जोडा. मागच्या बाकावरच्या पोरानं पाच वाक्यं लिहिली. 'द' विसरला, पण गोष्ट त्याची होती. निरीक्षण करणाऱ्या सरांनी शेरा दिला: 'वर्गात बोलीभाषेचा वापर टाळावा'.

क्लासवाला नाही

शेरा योग्यच होता. एका तासाला गंमत ठीक. वर्षभर असं केलं तर पोरांना इंग्रजी ऐकायला कधी मिळणार?

तापीची लेक

त्याच पोराचा 'द' आज बरोबर येत असेल किंवा नसेल. पण लिहिलंच नाही तर दुरुस्त तरी काय करणार?

गिरणाकाठ

साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात होते तेव्हा मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. ही परंपरा आपल्याच मातीत आहे. रोज थोडं लिहिणं, रोज थोडं वाचणं. आपण ती सोडली आणि झेरॉक्स धरलं.

पिवळा खडू

गुरुजींचं नाव घेतलं की वाद संपत नाही सर. पण शिरपूरच्या ताईंची गोष्ट मला पटली, कारण मीही तेच करतो. पोरी पावरीत सांगतात, एक पोरगी मराठीत आणते, मग आम्ही इंग्रजीत. साचा आधी पाठ, आतली वाक्यं नंतर अशी. ज्या पोरी डिसेंबरपर्यंत वर्गात टिकतात त्यांच्या बाबतीत तुमची 'सहा वाक्यं स्वतःची' चालते, हे मी मान्य करतो. जी जानेवारीत येते तिच्यासाठी मी तुमचं ऐकणार नाही. तिला साचा आणि त्यात बसणारी दहा वाक्यं, एवढंच. आणि तिलाही मी आधी जाहिरातीतली तारीख, ठिकाण, वेळ यांखाली रेघ मारायला लावतो, ते तीन तपशील पत्रात गेलेच पाहिजेत.

गिरणाकाठ

मांडणी पाठ करा याला माझा विरोध नव्हताच. पत्ता कुठे आणि मायना कुठे, हे पाठच असायला हवं. पण ठीक, जानेवारीत येणाऱ्या मुलीसाठी दहा वाक्यांचा साचा लागतो, एवढं मी मानतो. धुळ्या-जळगावच्या क्लासला जाणाऱ्या पोराला तो बहाणा नाही. त्याला जून ते फेब्रुवारी पूर्ण मिळतात. त्या पोस्टनं ते महिने वाया घालवायला सांगितलंय आणि माझा राग त्यावरच आहे.

केळीपट्टा

म्हणजे दहा वर्षांचा हिशेब राहिलाच.

दहावीची आई

माझा प्रश्नही राहिला. गोष्ट की बातमी?

पिवळा खडू

ताई, मुलीला घटना सांगायला आवडत असेल तर गोष्ट, पण शीर्षक विसरू द्यायचं नाही. घाबरत असेल तर बातमी, कारण तिला चौकट असते आणि चौकटीत धीर येतो. तुमच्या मुलीला बातमी घ्या. गठ्ठ्यातली वृक्षारोपणाची ठेवा, आता तीच रोज बदलून लिहायला लावा: आज झाडांऐवजी विज्ञान प्रदर्शन, उद्या क्रीडा दिन, परवा ग्रामस्वच्छता. पहिल्या दोन ओळी बदलल्या की बाकीची आपोआप बदलावी लागतात. आणि त्याच प्रश्नात परिच्छेदावरून तक्ता करायचा पर्याय बघून ठेवा. कमी लिहायचं असतं, परिच्छेदातली माहिती योग्य रकान्यात पडली पाहिजे आणि तक्त्याला नाव दिलं पाहिजे. रात्री अकराला नको, सकाळी उठवून करा.

गिरणाकाठ

तक्त्याबद्दल सहमत. बातमीबद्दल नाही. गोष्ट घ्या ताई, पोरगी मोकळी होईल.

पिवळा खडू

ताई, प्रिलिमला एकदा दोन्ही लिहून बघा, आणि जी तिनं न रडता लिहिली ती घ्या.