मदत हवी आहे: पहिलं बाळंतपण ऐन चवथीत, शेवटचे आठवडे म्हापशाला काढू की केरीला?

केरीची_लेक
नमस्कार. छत्तिसावा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. यंदा अधिक महिन्यामुळे चवथ सप्टेंबरच्या मध्यावर गेली आणि माझी तारीख आली नेमकी पंचमीला. त्या दिवशी गोव्यात कोण कुणाच्या हाताला लागतं, सांगा.

आम्ही म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतो. नाव म्हापशातल्याच पेडे भागातल्या जिल्हा इस्पितळात घातलंय, लोक त्याला अजून जुन्या नावाने आझिलोच म्हणतात. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी. माहेर केरी सत्तरी. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर दोन्ही घरांचं एकमत. आईने खोली झाडून, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून तयार ठेवली आहेत. पण केरीहून रात्री निघायचं तर साखळी, डिचोली, अस्नोडा करत म्हापसा. पावसात एखादं झाड आडवं पडलं की बसा तिथेच. वाळवंटीला पाणी चढलं की साखळीत काय होतं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानासाठी अख्खा बार्देश म्हापशाच्या बाजारात उतरतो, तेव्हा गाडी मुंगीच्या पावलाने चालते.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर त्याविरुद्ध माझ्या अंगात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं. बीपी गेल्या वेळी १३२/८४ होतं, आधीपेक्षा थोडं वर. डॉक्टर म्हणाल्या, लक्ष ठेवूया.

आता तिसरी गोष्ट, तीच जास्त डोकं खाते. सासरचा गणपती मयेच्या मूळ घरी, सगळ्या भावकीचा एकच. चवथीच्या आधी बाळ झालं तर सगळ्यांना सोयर. मुंबईहून येणाऱ्या दिरांनी रजा टाकल्यात, मूर्ती सांगून झाली. सासूबाई भांडत नाहीत, पण परवा हळूच म्हणाल्या, "दहा-बारा दिवस आधीच सिझर करून घेतलं तर चवथीपर्यंत सोयर फिटेल, एकदा विचारून तर बघ." हे वाचून कुणी त्यांना नावं ठेवू नका. सात महिने त्यांनीच मला ताटावर वाढलंय. पण हे डॉक्टरांना विचारायलाही मला कसंतरी वाटतं.

तर कुठे राहू? रात्री एकटी असताना कळा आल्या तर खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या ते कळेल का? आणि सासूबाईंना काय सांगू?

डिचोलीकर
ताई, केरी आणि म्हापशाच्या मध्ये कुणी नातेवाईक नाही का? अस्नोडा, थिवी, डिचोली, कुठेही. आईला तिथे बोलावून घ्या. माहेर म्हणजे आई, घराची कौलं नव्हेत.

निवृत्त_सिस्टर
बाय, प्रसूती विभागात नोकरी केली आहे, म्हणून मोठं लिहिते.

आधी सिझरचं. वैद्यकीय कारण नसेल तर तारीख ठरवून केलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करत नाहीत. सासूबाई म्हणतात तो दिवस तुझ्या अडतिसाव्या आठवड्याच्या आसपास पडतो. वजन चांगलं असलं तरी अशा बाळांना श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ जास्त येते. मग सगळी चवथ इस्पितळाच्या व्हरांड्यात. त्यांना हेच सांग, किंवा पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत ने आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. सुनेने सांगितलेलं आणि पांढऱ्या कोटाने सांगितलेलं यात फरक पडतो, आपल्याला आवडो न आवडो. आणि दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. पंचमी पंचमी म्हणून आतापासून सगळ्या घराने श्वास रोखून बसू नका.

राहायचं म्हापशाला. सदतीस आठवडे भरले की केरीला मुक्काम नको, हे माझं स्पष्ट मत. गट पॉझिटिव्ह असता, बीपी खाली असतं, तर एवढं ताणलं नसतं. आईला फ्लॅटवर आण. केरीला जा बाळाला घेऊन, पाऊस ओसरल्यावर.

रक्ताचं: ओ निगेटिव्हला ओ निगेटिव्हच चालतं. चवथीत रक्तदाते आपापल्या गावी पांगलेले असतात. आत्ताच डॉक्टरांना विचार की गरज पडली तर रक्त कुठून येईल, आणि दोघा-तिघा ओळखीच्या ओ निगेटिव्ह माणसांचे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असू देत. बाळ झाल्यावर नाळेच्या रक्तातून त्याचा गट तपासतात. तो पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी लागतं. ते दिलं का, हे घरच्या कुणीतरी आठवणीने विचारायचं. तू त्या वेळी थकलेली असशील.

कळांचं: खोट्या कळा येतात-जातात, चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या वाढत जातात, त्यांच्यातलं अंतर कमी होतं, कमरेतून पुढे येतात. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर चालू राहिल्या की निघायचं. पहिलटकरणीला बहुतेक वेळा भरपूर अवधी मिळतो, सिनेमात दाखवतात तसं धावपळीत होत नाही. पाणी गेलं तर मात्र कळांची वाट बघायची नाही. वेळ आणि रंग लक्षात ठेवायचा आणि निघायचं. हिरवट किंवा तपकिरी असेल तर एक मिनिटही नाही. रक्तस्राव, थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमचम, बरगड्यांखाली दुखणं, तोंडावर अचानक सूज, यातलं काहीही झालं तरी लगेच. बीपी १४०/९० झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट नको. घरी बीपीचं यंत्र आण.

आणि बाळाची हालचाल. शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं, असं शेजारीण सांगेल. ऐकू नकोस. हालचालीची तऱ्हा बदलते, पण कमी व्हायला नको. जेवून डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर त्याच रात्री इस्पितळात. उगीच आलात म्हणून कुणी ओरडलं तर ओरडू दे.

नवरा रात्रपाळीला असेल तर १०८. पैसे लागत नाहीत. इमारतीची खूण, जवळचं दुकान, हे सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही.

पेडण्याची_सून
सिस्टरताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी फक्त सोयराचं सांगते, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. जाऊ चवथीच्या आठवड्यात बाळंत झाली. सासऱ्यांनी भटजींना आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून ऐनवेळी गोंधळ झाला नाही. गणपती नंतरच्या दिवशी पुजला. माटोळी थोडी सुकी होती, एवढंच. प्रत्येक कुळाची रीत वेगळी, तेव्हा मयेच्या भटजींना आत्ता विचारायला सांगा. हे काम सासऱ्यांना द्या, सासूबाईंच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल. त्यांना भीती सोयराची नाही, भावकीत आपल्यावर खापर फुटेल याची असणार.

पिशवीबद्दल कुणीच बोललं नाही. भाद्रपदात लंगोट वाळत नाहीत. आम्ही दोन डझन ठेवले होते तरी पुरले नाहीत, शेवटी इस्त्री करून वाळवायचे. झबली, टोपडी, दुपटी धुऊन, इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव, नाहीतर कुबट वास येतो. तुला पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, आणि फाइलवर मोठ्या अक्षरात "ओ निगेटिव्ह". सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझर झालं तरी, औषधं, जेवण, रक्त सगळं मोफत असतं. तरी थोडी रोकड असू दे.

वेर्णा_शिफ्ट
दादांना सांगा, एचआरला आजच मेल टाकायला. खाजगी कंपनीत बापाला रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही, त्यामुळे सगळं साहेबाच्या मनावर. चवथीच्या आठवड्यात निम्मा प्लांट रजा मागतो, उशीर केला तर हाती काही लागणार नाही. निदान रात्रपाळी बदलून घ्या.

केरीची_लेक
सगळ्यांचे आभार. आईशी फोनवर बोलले. थोडी रुसली, मग म्हणाली, मेथीच्या पेजेचे तांदूळ मीच घेऊन येते, तुमच्या म्हापशाच्या तांदळाची पेज होत नाही. म्हणजे येतेय. सासूबाईंना शुक्रवारी तपासणीला सोबत नेते आहे. भटजींचं सासऱ्यांना सांगितलं, ते आधीपासूनच मनात धरून होते म्हणे, पण कुणी विचारलं नव्हतं.

दोन शंका उरल्या. आई गुटीचं सामान आणि केरीच्या रानातला मध घेऊन येणार, पहिल्या दिवशी बोट चाटवायला. चालेल का? आणि जन्माची नोंद केरीच्या पंचायतीत करता येईल का? बाबांची फार इच्छा आहे.

निवृत्त_सिस्टर
मध नाही. रानातला असो, बाटलीतला असो, वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नाही. त्यात असणाऱ्या जंतूंच्या बिया तान्ह्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. गुटीही नको, पाणीही नको. पहिल्या तासात छातीशी घ्यायचं आणि पहिला पिवळसर चीक पाजायचा. तो पिळून टाकायला कुणी सांगितलं तर हसून नाही म्हण. सहा महिने फक्त तुझं दूध. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आईला वाईट वाटेल, तर तिला सांग की मध मी पेजेनंतर खाईन. बाळंतिणीला चालतो.

नोंद बाळ जिथे जन्मतं तिथेच होते, म्हणजे म्हापशाला. २१ दिवसांच्या आत विनाशुल्क. नाव ठरलं नसेल तर जागा कोरी ठेवता येते, वर्षभरात फी न भरता घालता येतं. म्हणून बारशाची घाई नको. आईबापांची नावं मात्र आधारवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा. पुढे शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागतो.

शुक्रवारी बीपी किती आलं ते इथे लिही.