'बहुमत म्हणजे दादागिरी' : लांबलेलं उत्तर

माजी_सचिव
कालच्या 'बहुमत म्हणजे दादागिरी' या लेखाला दोनच ओळी लिहायच्या होत्या, राहवलं नाही. लेखकाचं म्हणणं असं की डेन्मार्कात लोक सामायिक वसाहतीत राहतात, सगळं एकमताने ठरवतात, एकानेही नाही म्हटलं की विषय बाजूला. आपल्या सोसायट्यांनी तेच करावं.

अहो, आम्ही अकरा वर्षं तेच केलं! २४ बिऱ्हाडं. पुनर्विकासाला २३ तयार, एक काका नाही. कारण दर सभेला नवं. एकदा तर नकाशात ओट्याचं तोंड पश्चिमेला दिसलं म्हणून. अध्यक्षांचा हट्ट, सगळ्यांना बरोबर घेऊन जायचं. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कणकेत स्लॅबचा पोपडा पडला. त्यांनी परात तशीच सभेत आणून ठेवली. काका म्हणाले, "गळती काढा, स्लॅब ठणठणीत आहे." नशीब, सरकारने ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाच्या संमतीची ७५ टक्क्यांची अट ५१ वर आणली.

तळमजला_उजवीकडे
२४ पैकी २३ म्हणजे किती टक्के हो? ९५ च्या वर. ७५ तुम्ही केव्हाच ओलांडले होते. अडवलं अध्यक्षांनी, श्रेय ५१ ला!

आणि ५१ म्हणजे तुमच्याकडे १३ घरं. उरलेल्या ११ नी काय करायचं? बहुमत काय चीज असते ते आम्हाला विचारा. लिफ्टमध्ये मी आयुष्यात पाऊल टाकलं नाही, नव्या लिफ्टसाठी माझ्याकडून ७० हजार. हात वर, मंजूर, चहा.

चौथा_मजला
झालं सुरू रडगाणं. सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, वाचा. लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान, वापरा नाहीतर नका वापरू.

तळमजला_उजवीकडे
वाचलेत. त्यात दुरुस्ती, देखभाल आणि चालवण्याचा खर्च आहे. नवी लिफ्ट कुठे दिसली तुम्हाला? आणि पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर. तिथे बरा वापर मोजता येतो!

चौथा_मजला
गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायला कशाने जाता?

तळमजला_उजवीकडे
जिन्याने. तुम्हा वरच्यांच्या टाकीचा पंप रात्री दोनला माझ्या खिडकीखाली धडधडतो, त्याचं भाडं देता का?

कायमचा_भाडेकरू
तुम्ही निदान भांडू तरी शकता. बारा वर्षं एकाच घरात राहतोय, सभेत बसायचीही सोय नाही. गणपतीची वर्गणी मात्र दारात येऊन नेतात, आणि घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस शेवटी माझ्याच भाड्यातून.

आरहुसवाली
लिफ्ट जरा थांबवा. मी डेन्मार्कात अशाच वसाहतीत सहा वर्षं राहतेय. पहिल्या वसाहती इथे १९७२ च्या सुमारास उभ्या राहिल्या. कालच्या लेखात निम्मंच आलंय. इथे माणसं एकमेकांना पारखून येतात. आपल्याकडे बिल्डरने ज्याला विकलं तो शेजारी.

आणि एकमताचं सांगते. एकत्र जेवण संध्याकाळी सहाला ठरलं. सभा डॅनिशमध्ये, माझी डॅनिश तेव्हा भाजी घेण्यापुरती. विचारलं, कुणाची हरकत? मी हसले. झालं एकमत! दोन वर्षं सहाला सगळ्यांबरोबर जेवले आणि नऊला खिडकी लावून पोहे केले, फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून. मतदान घेतलं असतं तर वहीत 'विरोधात १' एवढं तरी आलं असतं.

नेदरलँड्सच्या गेरार्ड एंडेनबर्ग यांची संमतीने निर्णय घ्यायची पद्धत मला त्यापेक्षा पटते. 'आवडतंय का' विचारायचंच नाही. 'चालेल का' विचारायचं. नसेल चालत तर कारण सांगायचं, आणि त्या कारणाने सगळ्यांचं काम अडतं का ते बघायचं. ओट्याचं तोंड तिथे पाच मिनिटांत निकालात निघेल.

माजी_सचिव
बरं बाई, गणित चुकलं, मान्य. अध्यक्षांचा दोष, मागे माना डोलावणाऱ्या आमचाही. पण काकांना पाच मिनिटांत निकालात काढणारा माणूस असेल तर पाठवा. जाण्यायेण्याचं भाडं सोसायटी देईल. बहुमताने.

तळमजला_उजवीकडे
पोह्यांचं ऐकून वाईट वाटलं. आता आमची लिफ्टची सभा ऐका. वेळ दहाची, कोरम, म्हणजे लागते तेवढी हजेरी, भरला नाही, साडेदहाला तीच तहकूब सभा पुन्हा, हजर सात जण. सातांनी माझे ७० हजार ठरवले. यात बहुमत कुठलं ते चौथ्या मजल्याने सांगावं.

चौथा_मजला
सातांनी ठरवायचं हे मात्र चूक आहे. पण तुम्ही गेला होतात का सभेला?

तळमजला_उजवीकडे
सभा गच्चीवर होती. गुडघे दुखतात.

चौथा_मजला
पापड्यांना चढता की!