कल्हट्टी घाट: मागे २८ दातांवर निभेल का?

यवतेश्वरकर, सातारा:
नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात टूर ऑफ निलगिरीजला, म्हणजे निलगिरीतल्या अनेक दिवसांच्या सायकल राइडला, जायचं पक्कं झालंय. त्यातल्या कल्हट्टी घाटाची धास्ती आहे. वय ४७, वजन ७६ किलो. पहाटे यवतेश्वर घाट, सुट्टीला कासपर्यंत. सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं, मागच्या कॅसेटमध्ये (चक्रांच्या संचात) ११ ते २८ दात. ग्रुपमधले निम्मे म्हणतात कॅसेट बदल, निम्मे म्हणतात पाय कमाव. ३४ची कॅसेट घ्यायची तर मागचा डीरेलरही (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागेल, म्हणजे खर्च वाढतोय. एवढं करायची खरंच गरज आहे का?

घाटवेडी, कोल्हापूर:
बदलाच दादा, आणि आत्ताच बदला. ही राइड मी केली आहे, म्हणून जीव तोडून सांगतेय.

कल्हट्टी म्हणजे मसिनगुडीहून उटीला चढणारा रस्ता. ३६ हेअरपिन वळणं. आपला पसरणी घाट साधारण ५ टक्के चढाचा. इथे १० टक्के सहज लागतो, आणि मधे पाय मोकळे करायला सपाटी फारशी मिळत नाही. डाव्या वळणाच्या आतल्या कडेला रस्ता एकदम अंगावर येतो, समोरून गाडी नसेल तेव्हाच जरा बाहेरून घ्या.

आता हिशेब बघा. तुम्ही, सायकल आणि बाटल्या मिळून ८६ किलो धरू. १० टक्के चढावर ३४-२८ने (पुढे ३४, मागे २८ दात) मिनिटाला ६० पेडल मारायचे तर ताशी ९ किलोमीटरच्या वर जावं लागतं, त्याला अंदाजे २३० वॉट लागतात. ३४-३४ वर त्याच ६० पेडलला साडेसात किलोमीटरचा वेग आणि १९०च्या आसपास वॉट. एका सकाळपुरते २३० तुम्ही काढालही. पण दुसऱ्या दिवशी परत खोगिरावर बसायचंय, तिसऱ्या दिवशीही. २८ वर पेडल ४०-४५ वर घसरतात, सगळा भार गुडघ्यावर जातो, आणि दुखणं दोन दिवसांनी वर येतं, ऐन चढावर.

टूरमध्ये वेळ फक्त ठरावीक टप्प्यांत मोजतात. तिथेही शेजारच्याच्या चाकाला लागून जाऊ नका. तरुण मुलं पहिल्या दोन वळणांत सुसाट निघतात. जाऊ द्या त्यांना.

निवृत्त पेडल, ठाणे:
ताईंशी सहमत. भर घालतो ती थंडीची. उटी २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा आठ-नऊशे मीटर उंच. चढताना घामाने भिजलेली जर्सी उतारावर बर्फासारखी लागते. पातळ विंडचीटर पाठीच्या खिशात हवाच, पुढच्या गाडीत ठेवलेला कामाचा नाही. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी दाबा, वळणात सोडा. बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात फोटोसाठी थांबायचं नाही, हत्ती झाडीतून कधी रस्त्यावर येईल सांगता येत नाही.

यवतेश्वरकर, सातारा:
ताई, काका, मनापासून आभार. कॅसेट आणि डीरेलर दोन्ही आजच सांगून टाकतो. सरावात काय बदलू?

घाटवेडी, कोल्हापूर:
एकच मोठा घाट करून आठवडाभर आराम, हे बंद करा. शनिवारी वाईहून पसरणी चढून महाबळेश्वर, रविवारी यवतेश्वर-कास. रविवारचे जड पाय हाच खरा सराव. शनिवारी घरी आल्यावर अर्ध्या तासात भात-आमटी पोटात गेली पाहिजे, भूक असो-नसो. सायकलवर दर अर्ध्या तासाला चिक्की, केळं, खजूर, काहीतरी खात राहा.

आणि कॅसेट बसवताना चेनची लांबी नक्की तपासून घ्या. जुनी चेन ३४ला आखूड पडली तर मोठ्या-मोठ्या गिअरवर (पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात मोठं चक्र) डीरेलर ताणून मोडतो. नव्या सेटवर निदान महिनाभर घाट करा, मगच सायकल पॅक करा.